न वटलेला धनादेश: पुण्यातील एकांकिका आणि वक्तृत्व स्पर्धांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील आंतरमहाविद्यालयीन एकांकिका व वक्तृत्व स्पर्धांचे आयोजक आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात २६ वर्षे इंग्रजी शिकवले. त्यातली बहुतेक वर्षे एकांकिकांच्या तालमी आणि वक्तृत्वाची तयारी ही दोन्ही कामे माझ्याकडेच होती. आपल्यापैकी अनेकांशी माझा जुना परिचय आहे आणि काहींच्या शेजारी मी परीक्षकाच्या खुर्चीतही बसले आहे. हे पत्र खासगीत न पाठवता उघडपणे लिहिते आहे, कारण ज्याविषयी लिहायचे आहे ती चूक कोणा एका संस्थेची नाही. ती आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

वर्णद्वेष हा आपल्या स्पर्धांचा नेहमीचा विषय आहे. वक्तृत्वाच्या फेरीत कोणीतरी मार्टिन ल्यूथर किंग यांचे 'माझे एक स्वप्न आहे' सादर करते आणि एकांकिकांच्या फेरीत कोणीतरी अमेरिकेतील किंवा दक्षिण आफ्रिकेतील एखाद्या नाटकाचे रूपांतर घेऊन येते. दोन्हींना टाळ्या मिळतात, पण ही दोन्ही माणसे एकमेकांना भेटत नाहीत. भाषण करणाऱ्याने नाटक वाचलेले नसते आणि नाटक करणाऱ्याने भाषण ऐकलेले नसते. दोन्ही शेजारी ठेवून वाचली, तर आपण मुलांना काय शिकवतो आहोत आणि त्यातून काय वगळतो आहोत, ते लख्ख दिसते.

आधी भाषणाचे पाहू. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे लिंकन स्मारकापाशी सुमारे अडीच लाख लोक जमले होते. मोर्चाच्या नावातच 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्य' अशा दोन मागण्या होत्या आणि नोकऱ्यांचा उल्लेख आधी होता. किंग यांचे भाषण सुमारे १७ मिनिटांचे आहे. आपल्या स्पर्धेत मिळतात पाच किंवा सात मिनिटे. म्हणून मुले शेवटचा भाग उचलतात, जिथे स्वप्न येते, आवाज चढत जातो आणि प्रेक्षागृह भारावते. आधीच्या दहा-अकरा मिनिटांत किंग हिशेब मांडतात. गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेवर लिंकन यांची सही झाली १ जानेवारी १८६३ रोजी, आणि त्यानंतर शंभर वर्षे उलटूनही कृष्णवर्णीय माणूस मुक्त नाही, असे सांगून ते म्हणतात की स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान हे राष्ट्राने प्रत्येक नागरिकाला लिहून दिलेले वचनपत्र होते. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला मात्र असा धनादेश आला, जो 'पुरेशी शिल्लक नाही' असा शेरा घेऊन परत आला. न्यायाच्या बँकेचे दिवाळे निघाले आहे हे मानायला आम्ही तयार नाही, तो धनादेश वटवून घ्यायला आम्ही आज येथे आलो आहोत, असे ते बजावतात. पुढे पोलिसांच्या अत्याचारांचा उल्लेख येतो, आणि एका लहान कोंडलेल्या वस्तीतून दुसऱ्या मोठ्या कोंडलेल्या वस्तीत जाणे एवढीच आमची हालचाल असेल तोवर आम्ही समाधानी होणार नाही, असेही ते सांगतात.

स्वप्नाचा भाग त्या दिवशीच्या लिहून आणलेल्या मसुद्यात नव्हता. गायिका महालिया जॅक्सन यांनी मागून हाक देऊन स्वप्नाबद्दल सांगायला सुचवले आणि किंग यांनी हातातला कागद सोडला. म्हणजे किंग जे लिहून, तोलूनमापून घेऊन आले होते, ते आपण मुलांना वगळायला लावतो. त्या क्षणाचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. पण स्वप्नाला धार येते ती आधीच्या न वटलेल्या धनादेशामुळे, आणि तो काढून टाकला की उरते एक सुंदर, निरुपद्रवी इच्छा, जी कोणालाही ऐकायला आवडते.

आता नाटक. त्या भाषणाच्या साडेचार वर्षे आधी, ११ मार्च १९५९ रोजी, लोरेन हॅन्सबेरी यांचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले ब्रॉडवेवरचे ते पहिले नाटक. लेखिका तेव्हा २८ वर्षांची होती. शिकागोच्या दक्षिण भागातील एका कोंदट घरात राहणारे कुटुंब एका धनादेशाची वाट पाहत आहे, एवढीच त्याची सुरुवात. वडील गेले, त्यांच्या विम्याचे १०,००० डॉलर यायचे आहेत. मुलाला दुकान टाकायचे आहे, मुलीला डॉक्टर व्हायचे आहे आणि आईला घर हवे आहे. पोस्टाने पाकीट येते. आई ते फोडते, आकडा पाहते आणि तिचा चेहरा उतरतो, कारण ते पैसे तिच्या नवऱ्याच्या आयुष्याच्या बदल्यात आलेले आहेत.

हा प्रवेश मी एकदा मुलांकडून बसवून घेत होते. आईचे काम करणारी मुलगी पाकीट अशी फोडायची की जणू सोडत लागली आहे. मी तीन-चार वेळा समजावले, तरी जमेना. मग चौथ्या दिवशी ती तालमीला आली आणि तिने पाकीट फोडलेच नाही. दोन्ही हातांत आडवे धरले, पदराने त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि नुसती उभी राहिली. नंतर तिने सांगितले की तिचे वडील बांधकामावर पडून गेले, तेव्हा नुकसानभरपाईचा चेक घरी आला होता आणि आजीने तो चार दिवस देव्हाऱ्यात ठेवला, बँकेत नेऊच दिला नाही. त्यानंतर मला त्या प्रवेशाबद्दल काही शिकवायचे उरले नाही.

किंग यांच्या भाषणातला धनादेश हे रूपक आहे. हॅन्सबेरी यांच्या नाटकात तो खराखुरा कागद आहे आणि एका विधवेच्या हातात आहे. भाषण राष्ट्राला त्याचे देणे आठवून देते, तर ते देणे न फिटल्याची किंमत कोणत्या घराने, कोणाच्या शरीराने चुकवली हे नाटक दाखवते. एकाने दुसऱ्याचे उचलले असे माझे म्हणणे नाही. पण एकाच अन्यायाविषयी, एकाच दशकाच्या आगेमागे, दोन वेगळ्या कलांमध्ये धनादेशच पुढे आला, याचे कारण तो अन्याय मनातल्या तिरस्कारापुरता नव्हता. तो घराच्या किमतीत होता, कर्जात होता, पगारात होता. आपली मुले मात्र वर्णद्वेष म्हणजे कोणीतरी कोणाला वाईट बोलते, एवढ्यावरच थांबतात, कारण आपण त्यांना तेवढेच दिले आहे.

याच नाटकात आणखी एक भाषण आहे, ज्याकडे आपले लक्ष जात नाही. आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. मग त्या वस्तीतला एक गृहस्थ भेटायला येतो, अतिशय नम्रपणे बसतो आणि म्हणतो की यात वंशद्वेषाचा काही संबंध नाही, फक्त एकाच तऱ्हेची माणसे एकत्र राहिली तर सगळ्यांनाच बरे वाटते. तेव्हा तुम्ही येऊ नका, आम्ही घराचे जास्त पैसे देतो. आवाज चढत नाही, शिवी नाही. हे हॅन्सबेरी यांनी कल्पनेने रचलेले नव्हते. त्यांच्या वडिलांनी १९३७ साली शिकागोत गोऱ्यांच्या भागात घर घेतले, तेव्हा जमावाने घरावर हल्ला केला आणि खिडकीतून आलेली वीट लहानग्या लोरेनला लागता लागता राहिली. त्या घरावरून झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४० साली निकाल वडिलांच्या बाजूने लागला, तोही एका तांत्रिक मुद्द्यावर.

तो नम्र गृहस्थ पुण्यात मला अनेकदा भेटला आहे. माझ्या विद्यार्थ्यांसाठी खोल्या शोधताना मी कितीतरी घरमालकांना आणि एजंटांना फोन केले आहेत. आडनाव विचारले जाते, मग गाव विचारले जाते, मग 'आमची सोसायटी जरा वेगळी आहे' असे सांगितले जाते. ईशान्येकडून आलेल्या एका मुलीला खोली दाखवली, पसंत पडली, आणि संध्याकाळी फोन आला की घरमालकाच्या भाचीलाच अचानक लागते आहे. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांच्या बाबतीत तर भाची शोधण्याचीही गरज पडत नाही. ज्या विद्यार्थ्याने त्या नम्र गृहस्थाचे काम करायचे आहे, त्याने फार लांबचे निरीक्षण करण्याची आवश्यकता नाही. तरीही आपल्या रूपांतरांत हे पात्र खलनायकासारखे दात-ओठ खात येते, आणि परीक्षक म्हणून आपण त्याला वाचिक अभिनयाचे गुण देतो.

आता मी माझ्या चुकीकडे येते. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाने कृष्णवर्णीयांच्या जीवनावरची एक एकांकिका केली. मार्गदर्शक मी होते. मुलांच्या चेहऱ्याला, मानेला आणि हातांना काळा रंग लावायचे ठरले. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही, उलट रंग मीच आणून दिला. केनियातून शिकायला आलेला एक विद्यार्थी आमच्या मुलांच्या ओळखीचा होता. त्याने एका पात्रासाठी स्वतःचा शर्ट दिला होता आणि प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसला होता. प्रयोग संपल्यावर तो मुलांचे अभिनंदन करायला रंगपटात आला. नायकाने उत्साहाने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. हात सुटला तेव्हा त्याच्या पंजाच्या मागच्या बाजूवर आणि शर्टाच्या पांढऱ्या बाहीवर काळे डाग उमटले होते. तो क्षणभर त्या डागांकडे पाहत राहिला. मग काही न बोलता मागच्या अंगणातल्या नळाकडे गेला आणि बराच वेळ हात धुत राहिला. आम्हाला त्या वर्षी रंगभूषेचे पारितोषिक मिळाले.

त्याच्या डोळ्यांना डोळा देण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही. नंतर भेटून मी माफी मागितली. ती त्याने सौजन्याने स्वीकारली आणि विषय बदलला. पण एक गोष्ट त्याने विचारली, ती मी इथे नोंदवते. तुमच्या नाटकातल्या माणसांचे दुःख मला कळले, पण ते कळायला तुम्हाला काळे व्हावे का लागले, असे त्याने विचारले होते. अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात उभा केला आणि तो अनेक दशके चालला, हे मला वाचून माहीत होते. पुण्यातल्या रंगपटात ती माहिती माझ्या कामी आली नाही. ज्या शहरात गोरेपणाची क्रीम विकली जाते, काळ्या मुलीचे लग्न जमत नाही म्हणून आई-बाप झुरतात, तिथे काळा रंग फासणे ही निव्वळ रंगभूषा राहू शकत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील 'द आयलंड' हे नाटक ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. ॲथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्टशोना यांनी १९७३ साली ते रंगभूमीवर आणले. तुरुंगातले दोन कैदी 'अँटिगनी' या प्राचीन ग्रीक नाटकातला न्यायसभेचा प्रवेश बसवत असतात. विन्स्टन नावाच्या कैद्याला त्यातल्या नायिकेचे, अँटिगनीचे, काम करावे लागणार आहे आणि केसांचा टोप घालून उभे राहायची त्याला लाज वाटते, कारण सगळे हसतील. शेवटी तो उभा राहतो, आणि अखेरीस टोप उतरवून स्वतःच्या नावाने बोलतो. हे सगळे घडते दोन भांडी आणि दोन घोंगड्या एवढ्या सामानावर. ज्या तुरुंगावरून हे नाटक सुचले, त्या रॉबेन बेटावर कैद्यांनी खरोखरच 'अँटिगनी' केले होते आणि त्यात नेल्सन मंडेला यांनी राजा क्रेऑनचे काम केले होते. ज्यांनी २० एप्रिल १९६४ रोजी आरोपीच्या पिंजऱ्यातून कित्येक तास भाषण करून समतेच्या आदर्शासाठी मरायचीही तयारी सांगितली, त्यांनीच पुढे तुरुंगात जुलमी राजाचे काम केले. नाटक आणि भाषण यांचे नाते मला याहून चांगले समजावता येणार नाही.

यापुढचा मुद्दा मांडताना मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. एका वर्षी एकाच स्पर्धेत दोन एकांकिका लागोपाठ झाल्या. एक अमेरिकेतल्या वर्णद्वेषावरची होती. दुसरी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्या दोन भावांवरची होती, आणि ती लिहिणारा मुलगा तसेच काम करणाऱ्यांच्या वस्तीतून आला होता. निकालानंतरच्या चर्चेत पहिलीला 'वैश्विक आशय' म्हटले गेले आणि दुसरीला 'प्रचारकी', 'एकांगी'. मी प्रेक्षकांत होते आणि हात वर करून बोलले नाही. दोन्ही संहितांमध्ये शेवटी एक पात्र पुढे येऊन थेट बोलते. तंत्र तेच होते. फरक एवढाच की पहिल्या भाषणातला आरोपी सात समुद्रांपलीकडे होता आणि दुसऱ्यातला त्याच सभागृहात बसलेला होता.

जातिभेद आणि वर्णद्वेष या एकच गोष्टी आहेत असे मी म्हणत नाही. डॉ. आंबेडकरांनी जातीचा उगम वंशभेदात आहे हे मत स्पष्टपणे खोडून काढले होते. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे करत असलेल्या अर्जाची प्रत मागवली आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य इतके आहे की त्याचा अभ्यास आवश्यकच ठरतो, असे कळवले. फरक ओळखून साम्याचा अभ्यास करायचा, ही शिस्त त्या पत्रात आहे आणि ती आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचलेली नाही.

खरे तर पुण्याला हे कोणी बाहेरून येऊन सांगावे लागू नये. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, ज्यात एका गरोदर कुणबिणीला ग्रहदशेची भीती घालून लुबाडले जाते आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकायला निघते. ते त्यांनी पुस्तकांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले आणि कमिटीने ते नाकारले. याच फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आणि १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना त्यांनी जे पत्र लिहिले, त्यात उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या ग्रंथकारांना आणि मोठमोठ्या सभांतून भाषणे ठोकणाऱ्यांना शूद्रातिशूद्रांच्या हालअपेष्टा कशा कळणार, असा सवाल होता. नाटक, अर्पणपत्रिका आणि पत्र, तिन्ही एका माणसाची आहेत. नाटक नाकारणारी कमिटीही इथलीच होती, हे परीक्षकांच्या खुर्चीत बसताना मला अलीकडे आठवत राहते.

आणखी एक जोडी मुलांपुढे ठेवावी असे वाटते. गुलामीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांना अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त बोलायला बोलावले गेले. ते ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे बोलले आणि हा सण तुमचा आहे, माझा नाही, असे त्यांनी यजमानांना तोंडावर सांगितले. त्यानंतर १२० वर्षांनी, १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' साप्ताहिकात दलित लेखक राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख छापून आला आणि महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले होते. डग्लस यांचे भाषण आमच्या मुलांनी वक्तृत्वात केले, तर त्यांना 'अभ्यासू निवड' असा शेरा मिळतो. ढाले यांच्या लेखातला उतारा करू का, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते आणि मी त्याला म्हटले होते, वादग्रस्त आहे, राहू दे. तो मुलगा आज वकील आहे. त्याची मी क्षमा मागितली आहे.

या शहराला जमत नाही असेही नाही. गो. पु. देशपांडे यांचे जोतीराव फुल्यांवरचे 'सत्यशोधक' हे नाटक दिग्दर्शक अतुल पेठे यांनी पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन उभे केले. ते कामगार रंगमंचावर जोतीरावांची भाषणे करत होते, तेव्हा नाटक कुठे संपते आणि भाषण कुठे सुरू होते, हे मला प्रेक्षागृहात बसून सांगता आले नसते.

म्हणून माझ्या विनंत्या आहेत, आणि त्या व्यवहारातल्या आहेत. स्पर्धेच्या नियमावलीत असे एक वाक्य घालावे की दुसऱ्या वंशाचा किंवा समाजाचा माणूस दाखवण्यासाठी त्वचेचा रंग बदललेली रंगभूषा गुणांस पात्र ठरणार नाही. वक्तृत्वात ऐतिहासिक भाषण निवडणाऱ्या स्पर्धकाला किमान १२ मिनिटे द्यावीत, आणि ते शक्य नसेल तर त्याने संपूर्ण भाषण वाचले आहे की नाही हे परीक्षकांनी दोन प्रश्न विचारून पाहावे. परीक्षकांनी 'प्रचारकी' हा शब्द वापरला, तर संहितेतली कोणती ओळ त्यांना तशी वाटली हे लेखी द्यावे. लिहिणाऱ्या मुलाचा तो अधिकार आहे. आणि वर्षातून एक संध्याकाळ बक्षिसांशिवाय ठेवावी, जिथे एका गटाने नाटकातला प्रवेश करावा आणि दुसऱ्याने त्याच विषयावरचे भाषण पूर्ण करावे, हॅन्सबेरींनंतर किंग, 'तृतीय रत्न'नंतर फुल्यांचे ते पत्र. या संध्याकाळसाठी मुलांची तयारी करून घ्यायला मी विनामूल्य येईन.

किंग यांच्या संपूर्ण भाषणाचा मराठी अनुवाद मी तालमीच्या कामासाठी केलेला आहे, तो मागेल त्या महाविद्यालयाला देईन. जुलैमध्ये संहिता निवडल्या जातात आणि त्याआधी नियमावली छापायला जाते. ती जाण्यापूर्वी आपण सर्वांनी मला एकत्र भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका
पुणे